तिसरं पेडल

"तिसरं पेडल सोडून बाकी सगळं झालंय," दीपेश म्हणाला आणि फडक्याला हात पुसत उठला. "त्याचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी तोवर चहा घेतो."

खाली मांडववाले बांबू उतरवत होते. खांदा कॉलनीतल्या त्या घराच्या हॉलमधून सोफे बाहेर काढले होते आणि सतरंजीवर आनंदा मढवींची स्टील गिटार पाय वर करून उलटी पडली होती. शैलेशने आपल्या बापाचं हे वाद्य लहानपणापासून पाहिलं होतं, पण त्याचं पोट आज पहिल्यांदा दिसत होतं. मूळच्या वायरी कधीच तुटल्या होत्या. बाबांनी त्या जागी स्कूटरच्या क्लचवायरी ओढल्या होत्या आणि गंजून त्यांचा रंग चहासारखा झाला होता. दीपेशने त्यातल्या बहुतेक काढून नव्या घातल्या होत्या. एकच जुनी उरली होती.

"ठरवायचं काय त्यात?" शैलेश म्हणाला. "कंपनीतून आली तेव्हा होतं तसं कर."

"बाबांनी लावलं होतं तसं ठेवायचं," विनिता खिडकीपासून म्हणाली. ती सकाळीच पुण्याहून आली होती आणि अजून तिने पर्सही खाली ठेवली नव्हती.

दीपेशने कप घेतला. कामोठ्यात त्याचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं आणि घराघरांतली असली भांडणं त्याला नवी नव्हती. "मॅडम, सांगतो. आधी ही गिटार लोक मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे. मग तिला पाय आले. पण तारा एकदा लावल्या की लावल्या, वाजवता वाजवता सूर बदलायची सोय नव्हती. म्हणून पेडल. पाय दाबला की खालची वायर ताणली जाते, वायर तारेला ओढते, सूर चढतो नाहीतर उतरतो. ही अगदी सुरुवातीच्या काळातली. पुढे वायरींच्या जागी लोखंडी सळया आल्या आणि वायरवाल्या गिटारी माळ्यावर गेल्या. आपल्याकडे मी ही एकच पाहिली."

"बाबांना ती बोटीवरच्या सुताराने दिली," विनिता म्हणाली. "बाबा गोदीत फिटर होते. वायरी तुटल्या म्हणून तो माणूस ती पाण्यात टाकायला निघाला होता."

"तर मूळचा तक्ता असतो," दीपेश पुढे म्हणाला. "कुठलं पेडल कुठल्या तारेला किती ओढणार ते त्यात असतं. काकांनी तिसरं पेडल तक्त्याबाहेर नेलंय. तार खाली उतरते, पण अर्धा सूरसुद्धा नाही. मधेच कुठेतरी थांबते. जिथे थांबते तो लोखंडाचा तुकडा त्यांनी कानसेने घासून घासून बनवलाय. त्याला आता चीर गेलीय. एक तर मी तो झाळून, जोडून देतो, तसाच, किंवा नवा बसवतो, मूळ मापाचा. नवा बसवला तर जुना पुन्हा त्या जागी तसाच बसेल याची खात्री मी देणार नाही."

"नवा," शैलेश म्हणाला.

"का पण?"

"कारण उद्या वाजवायचं मला आहे, ताई. तुला नाही."

हे खरं होतं. बाबा गणपतीनंतर गेले. शैलेशच्या मुलीचं, रियाचं, लग्न वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, असं सगळ्यांनी सांगितल्यावर मे महिन्यातली तारीख धरली होती. नातीच्या हळदीत आपण वाजवणार असं बाबा कितीदा म्हणाले होते. ते आता शैलेशने करायचं ठरलं होतं. तसं ठरवताना त्याला बरं वाटलं होतं. मात्र तिसऱ्या पेडलचा विचार त्याने केला नव्हता.

बारा वर्षांचा असताना उंची पुरत नाही म्हणून बाबांनी त्याच्या स्टुलाखाली विटा लावल्या होत्या. ओळ संपता संपता तिसरं पेडल हलकेच दाबायचं, सूर जरासा खाली बसू द्यायचा. तो दाबायचा. बाबा म्हणायचे, "नाय. परत." ओरडायचे नाहीत, मारायचे तर कधीच नाहीत. फक्त नाय, परत. कॉलेजात गेल्यावर शैलेशने गिटारला हात लावणं सोडलं, तेव्हाही बाबांनी कारण विचारलं नाही. पुढे त्याने जमिनीचे व्यवहार केले, दोन इमारती उभ्या केल्या, लोक त्याला शेठ म्हणू लागले. तरी त्या पेडलकडे पाहिलं की त्याच्या उजव्या पायाची बोटं बुटात आक्रसायची.

"ते मला कधीच जमलं नाही," तो म्हणाला. "माझ्या पोरीच्या हळदीत चारशे माणसांसमोर मी ते परत चुकणार नाही."

"चुकलास तरी चालेल."

"तुला चालेल."

विनिताने पर्स खाली ठेवली. "शैलेश, उद्या बाबा ऐकू आले पाहिजेत. मला दुसरं काही नको. त्यांचं जे काही त्या वाद्यात आहे, ते त्या एका पेडलमध्येच आहे. बाकी सगळं परदेशातलं आहे."

तो मांडववाल्यांना ओरडायला गॅलरीत गेला.

*

शैलेशची बायको हेतल स्वयंपाकघरात वडे तळत होती. जुन्या पनवेलमधल्या गुजराती घरातली ही मुलगी मढवींकडे आली तेव्हा तिला वडे काय, भाकरीही येत नव्हती. आता तिच्या वड्यांना गावातल्या बायका नाव ठेवत नसत आणि तेवढ्यावर ती समाधानी होती.

"हेतल, तू सांग ना त्याला," विनिता आत येऊन म्हणाली.

"मी कोणाला काय सांगणार ताई. त्यांना वाजवायचंय, तुम्हाला ऐकायचंय. मला चारशे लोकांचं जेवण बघायचंय."

"तुला बाबांचं काहीच वाटत नाही का?"

हेतलने झारा कढईच्या काठावर ठेवला. तिला राग आला होता, पण तिने तो नेहमीसारखा गॅस बारीक करण्यात घालवला. "तुम्ही सुट्टीत यायचा ताई. मी रोज होते. तुम्हाला एक सांगू? शेवटच्या वर्षात रस्त्यावरून कोणाच्या हळदीची बँजो पार्टी गेली ना, की पप्पा मला खिडकी लावायला सांगायचे. कीबोर्डवाला तुमच्याकडच्या लग्नांतला धवला वाजवत असायचा. तोच, शेवटी सूर बसतो तो. सगळ्या तालुक्याने पप्पांचंच उचललंय ते. मी म्हणायची, पप्पा, तुमचंच तर वाजवतायत. तर म्हणायचे, लाव खिडकी."

"ते लोक वाईट वाजवतात म्हणून."

"असेल."

हेतलला तसं वाटत नव्हतं. वाईट वाजवणाऱ्यावर चिडलेला माणूस तिने पाहिला होता, आणि सासरे तेव्हा चिडलेले नसायचे. पण ती सून होती, आणि नणंद वडलांना गमावून आली होती. तिने वडा उलटला.

"आत्याबाईंना विचारा," ती म्हणाली. "रिया त्यांना आणायलाच गेलीय. गाणं त्यांचं आहे, त्याच सांगतील. त्यांच्यापुढे हे पण काही बोलणार नाहीत."

विनिताचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला. तिने परातीतला एक वडा उचलला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. आत्या आपल्या बाजूने बोलणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

*

गोदूबाई पळस्प्याहून नातीच्या स्कूटीवर बसून आल्या. लुगड्याचा काष्टा, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर रियाचं हेल्मेट.

"ही पोरगी लगनानंतर नवऱ्याला मारल," जिना चढताना त्या म्हणाल्या. "खड्डा दिसला का मुद्दाम जाते."

"आजी, तूच म्हणालीस जोरात चालव."

"जोरात बोलले. उरवाय नाय बोलले."

आनंदांची ही थोरली बहीण. एके काळी पळस्प्यापासून उरणपर्यंत लग्न निघालं की धवले, लग्नविधींची गाणी, म्हणायला तिला बोलावणं असे. भट नसला तर चाले, धवलारीण नसली तर हळद लागत नसे. मग एका साली तिचं म्हणणं बंद झालं. गोदूबायचा गला गेला, असं लोक म्हणाले, आणि तिनेही ते कधी खोडलं नाही.

हॉलमध्ये येऊन त्या खुर्चीत बसल्या. उलट्या पडलेल्या गिटारकडे त्यांनी पाहिलं. गावजेवणाला कापायला आणलेल्या बोकडाकडे पाहावं तसं, जरा अंग चोरून.

विनिताने सगळं सांगितलं. एक तुकडा, त्याला गेलेली चीर, नवा की जुना. शैलेश दारात उभा होता. हेतलही हात पुसत आली.

"आत्या, हे बाबांनी तुझ्या धवल्यावरून लावलंय," विनिता म्हणाली. "सगळ्यांना सांगायचे ते, हा माझ्या बहिणीचा गळा आहे म्हणून. आता तूच सांग शैलेशला."

"तिसरा म्हंजे कंचा?"

दीपेशने बोट लावून दाखवलं.

"ह्यो काढ," गोदूबाई म्हणाल्या.

शैलेशने हेतलकडे पाहिलं. जिंकल्याचं त्याला काहीच वाटलं नाही, कारण आत्याचा आवाज भांडणाचा नव्हता.

"आत्या, तुझाच आहे तो," विनिता पुन्हा म्हणाली.

"म्हायीत हाय मना माजाच हाय. म्हनून बोलते, काढ."

रियाने पाणी आणलं. गोदूबाईंनी तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"शिवा गेला त्या साली," त्या म्हणाल्या, "तुजा बापूस ह्यो बाजा घेऊन आमच्या पडवीत आला. नवीन नवीन होता त्याला. पोर जाऊन महिना झाला नवता. मी कोनाशी बोलत नवते, खात नवते. ह्यो बोलला, गोदे, एक धवला बोल. मी बोल्ले, मना नाय येनार. तो बोलला, हलू बोल, मना सूर घ्यायचाय. धाकटा भाव. नाय कशी बोलू? बोल्ले."

गोदूबाईंचा दहा वर्षांचा शिवा तापाने गेला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यापलीकडे त्याचं नाव कोणी काढत नसे.

"ओल संपली का माजा गला खाली बसं. मना धरता ये नाय. धवला तसा नसतो बाय. लगनाचा गाना त्यो, सरल जातो, वर जाऊन रातो. माज्या आयशीचा सरल, आजीचा सरल. पन ह्यो वाकून वायर ताणी, सोडी, परत बोल बोली, परत ताणी. माजा गला जवरा बसला तवराच त्याचा सूर बसवलान. कानस मारून मारून." त्या थांबल्या. "मंग ऑर्केस्ट्रात वाजवलान. लोकांना लय आवरला. बँजोवाल्यांनी उचलला. कुनाच्या बी मांडवात जावा, माज्या शिवाचा रडना. पोरी नाचतान त्याच्यावर. नव्या धवलारनी बी तसाच बोलतान, त्यांना वाटते धवला आसाच आसतो. मी कशी जाऊ? गेलेच नाय."

खाली कोणीतरी बांबूवर हातोडा मारत होतं. हेतलने गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"बाबांना कळलं नसेल," विनिता म्हणाली. बोलताना तिला ते पटत नव्हतं. बाबांना शेजारच्या घरातल्या मिक्सरचा सूर कळायचा. "आत्या, त्यांना कळलं होतं का?"

"त्याचा कान तुना म्हायीत हाय. मी कदी इचारला नाय. त्यानी कदी सांगला नाय."

विनिता बरीच पुस्तकं वाचलेली होती आणि माणसं जे बोलत नाहीत त्याचा अर्थ लावायची तिला सवय होती. ती खाली सतरंजीवर बसली, आत्याच्या पायांपाशी. "त्यांना शिवाबद्दल बोलता येत नसेल. तुझ्याशी तर नाहीच. तुझं दुःख कुठेतरी जपून ठेवावं म्हणून त्यांनी तसं केलं असेल. त्यांची तीच रीत होती."

"आसल," गोदूबाई म्हणाल्या. "मंग घरात वाजवायचा होता."



शैलेश दारातून आत आला. त्याला शिवा आठवत होता. दोघं एकाच वर्षाचे. खाडीकडच्या बांधावर चिंबोऱ्या धरायला जायचे, आणि शिव्या बिळात हात घालायचा, हा फक्त टोपली धरायचा. मागाहून तो आला नाही म्हणून शैलेशने विचारलं, तर मोठी माणसं दुसरं बोलू लागली. मग स्टूल, विटा, आणि ती ओळ. नाय. परत. बाबांना त्याच्याकडून काय हवं होतं ते त्याला आज कळत होतं, आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याचं काय करायचं हे कळत नव्हतं.

"झाळून घेऊ," तो म्हणाला. "जुनाच ठेवू."

"शैल्या?"

"मी शिकेन आत्या. मला आता येईल. तो शिव्याचा आहे म्हटल्यावर काढून कसा टाकायचा?"

"पप्पा, मघाशी तर तुम्हीच," रिया म्हणाली. हेतलने तिच्या दंडाला हात लावला.

"ताई, तू बोल ना," शैलेश म्हणाला. "तुलाच तर ठेवायचा होता."

विनिता वायरीकडे पाहत होती. जुनी वायर बाकीच्यांमधून वेगळी ओळखू येत होती. तिच्या टोकाला तो तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, आणि त्यावर कानसेचे ओरखडे होते. असे ओरखडे तिने बाबांच्या हाताखालच्या सगळ्या वस्तूंवर पाहिले होते. दाराच्या कडीवर, तिच्या शाळेच्या कंपासवर. हा तुकडा गेला तर उद्या त्या वाद्यातून कोणीही वाजवू शकेल असे सूर निघतील. बाबा ऐकू येणार नाहीत. हे सगळं तिला एकदम आणि स्पष्ट दिसलं. आणि हेही दिसलं की बाबा ऐकू यावेत म्हणून समोर बसलेल्या बाईला पुन्हा एका मांडवात तेच ऐकावं लागेल, या वेळी आपल्याच घरच्या.

"आपला नाही तो," ती म्हणाली. "ठेवायचा की काढायचा, आपण ठरवायचंच नव्हतं." मग दीपेशकडे वळून: "नवा बसवा."

दीपेशने स्क्रू काढले. तुकडा हातात येता येताच चिरेवर दोन झाला. त्याने ते दोन्ही तुकडे झिजलेल्या स्क्रूंच्या डब्यात टाकले. तो डबा कुठे ठेवला ते विनिताने पाहिलं, पण काही मागितलं नाही.

*

उन्हं उतरली तेव्हा मांडव पुरा झाला होता. आंब्याचे डहाळे बांधून झाले, आणि शैलेश नि दीपेश यांनी गिटार दोन बाजूंनी धरून खाली आणून मांडवात उभी केली. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. गोदूबाईंनी कॅनव्हासचे बूट काढले आणि चटईवर मांडी घालून बसल्या.

"आज मांडव परला, आज बोलवाय होवा," त्या म्हणाल्या. "कोन हाय बोलनारी?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मांडवाच्या दिवशी धवलारीण देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना, नाव घेऊन. त्यासाठी करंजाड्याहून एक बाई सांगितली होती. ती उद्या यायची होती.

"मंग मीच बोलते. शैल्या, तू मागशी रा. म्होरं पलू नको."

शैलेशने डाव्या हातातला लोखंडी दांडा तारांवर टेकवला. पाय पेडलवर ठेवला आणि मग उचलून बाजूला, जमिनीवर ठेवला. पहिली ओळ त्याने वाजवली. ती वर गेली आणि तिथेच राहिली. त्याने पुन्हा वाजवली आणि आत्याने सुरात सूर मिसळला.

ऐंशीच्या आसपासचा आवाज होता. मधे मधे चरा पडत होता. पण ओळ संपायची तेव्हा तो खाली बसत नव्हता. विनिताने हा धवला शेकडो लग्नांत ऐकला होता, पण तो इतका मोकळा असतो हे तिला आठवत नव्हतं. रिया हेतलच्या खांद्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. एका म्हाताऱ्या शेजारणीने, "अगो, आसाच बोलायचे पैले," म्हणून डोळ्याला पदर लावला आणि लगेच मागची ओळ झेलायला तयार होऊन बसली.

गावदेवी झाली. मग माणसं आली. आजोबा. बाप बुधाजी. आई चंद्रावती. विनिताची आई भामा. ज्याचं त्याचं नाव, मग पोरीची हळद आहे, या. बायका मागून तीच ओळ म्हणत.

भामानंतर गोदूबाई थांबल्या. शैलेशने ओळ पुन्हा वाजवली. त्या थांबलेल्याच.

"आत्याबाई, पाणी?" हेतलने विचारलं.

"पानी नको." त्यांनी विनिताला बोटाने जवळ बोलावलं. "म्होट्या भयनीनी धाकट्याला तिकरून कसा बोलवायचा? माज्या तोंडी नाय येत. तू बोलव."

"आत्या, मला गाता येत नाही. तुला माहीत आहे."

"गायाला कोन सांगते? हाक मार. पन बाबा बोलू नको. बाबा सगल्यांचे आस्तात, कोन बी येल. नावानी मार."

दोन-तीन बायका हसल्या. विनिताही जराशी हसली. बापाचं नाव तिने आयुष्यभर फॉर्मवर लिहिलं होतं, बँकेत सांगितलं होतं, गेल्या सप्टेंबरात इस्पितळाच्या खिडकीपाशी उभं राहून दोनदा सांगितलं होतं. त्या नावाने त्यांना हाक कधी मारली नव्हती. आई मारत नव्हती, भाऊ मारत नव्हता. ही एकच बाई मारायची.

ती चटईवर बसली. शैलेशने ओळ वाजवली आणि शेवटचा सूर धरून ठेवला. तिच्यासाठी धरलाय हे तिला कळलं.

"आनंदा," ती म्हणाली. मागच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं, त्या वाट पाहत होत्या. तिने पुन्हा, लांब उभ्या असलेल्या माणसाला मारावी तशी हाक मारली.

"आनंदा, नातीची हळद आहे उद्या. ये."